आंतरजालावरील खासगी वाट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



नाट्यसंगीत आणि संतवाङ्मय यांच्या पंक्तीला 'व्ही.पी.एन.' हा विषय बसविण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, याबद्दल प्रथम तिचे अभिनंदन. विषय रुक्ष खरा. परंतु या सभागृहातील बहुतेकांचे निवृत्तिवेतन, विजेचे बिल आणि परदेशस्थ नातवंडांचे दर्शन हे सारे ज्या वाटेने येते-जाते, त्या वाटेचाच हा प्रश्न आहे. आणि त्या वाटेवर 'संपूर्ण संरक्षण' विकणाऱ्यांची दुकाने हल्ली फार झाली आहेत.

'व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क' या नावाची ही आद्याक्षरे. मराठीत त्याला 'आभासी खासगी जाळे' म्हणतात. पण त्या शब्दांतून बोध फारसा होत नाही, म्हणून जुना दाखला घेऊ. पेशवाईत दिल्लीच्या वा हैदराबादच्या दरबारातील वकिलांची पत्रे जासुदांकरवी पुण्याला जात. इमानी जासूद लखोटा फोडीत नसे. पण तो कोणाचा आणि कोणाकडे चालला आहे, हे त्याला ठाऊकच असे. आजच्या आंतरजालाची स्थिती बरीचशी अशीच आहे. बँकेचे, किंवा कोणत्याही बऱ्या संकेतस्थळाचे, दळणवळण आज मुळातच सांकेतिक रूपात, म्हणजे लखोट्यात बंद होऊन जाते. आपल्याला जोडणी देणारी कंपनी, किंवा ज्यांचे मोफत वाय-फाय आपण वापरतो ते स्थानक वा उपाहारगृह, त्यांना आतील मजकूर वाचता येत नाही. मात्र आपण कोणत्या संकेतस्थळी गेलो, हे त्यांना सहसा कळू शकते.

व्ही.पी.एन. एवढेच करते, की हा लखोटा दुसऱ्या मोठ्या लखोट्यात घालून एका मध्यस्थाच्या पत्त्यावर रवाना करते. मध्यस्थ बाहेरचा लखोटा उघडतो आणि आतला पुढे धाडतो. जासुदाला कळते ते इतकेच, की पत्र मध्यस्थाकडे गेले. आणि ज्याला पत्र पोचते त्याला वाटते, की ते मध्यस्थाच्याच गावाहून आले. अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहावयास गेलेल्या आपल्यापैकी काहींना मराठी मालिका तेथे 'उपलब्ध नाही' असा निरोप मिळतो आणि नातू काहीतरी कळ दाबून ती सुरू करून देतो, त्यामागचे रहस्य हेच. मध्यस्थाचे ठाणे मुंबईत असले की आजोबाही मुंबईत! अनेक मालिकावाल्या कंपन्यांच्या अटींत हे बसत नाही, हे नातू सांगत नाही, असो.

जासूद आंधळा झाला, पण मध्यस्थ डोळस आहे. जी माहिती एकापासून लपविली ती दुसऱ्याच्या हाती गेली. विश्वास ठेवण्याची गरज संपली नाही. विश्वासाचे ठिकाण तेवढे बदलले. म्हणून व्ही.पी.एन. चांगले की वाईट, या प्रश्नाला आमच्या मते मध्यस्थ कोण हे कळल्याविना उत्तरच नाही.

ही युक्ती निघाली ती कचेऱ्यांच्या सोयीसाठी. शाखा-शाखांना जोडणाऱ्या स्वतंत्र तारा भाड्याने घेणे फार महाग पडे. तेव्हा सार्वजनिक जाळ्यातूनच एक बंदिस्त बोगदा न्यावा, ही कल्पना १९९० च्या दशकात रुजली. २००१ मध्ये 'ओपन-व्हीपीएन' आले. पुढे 'वायरगार्ड' नावाची आटोपशीर पद्धत निघाली, तिला मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात स्थान मिळाले. योगायोग असा, की त्याच महिन्यात टाळेबंदी लागली आणि असंख्य कर्मचारी घरच्या जेवणाच्या टेबलावरून अशाच बोगद्यांनी कचेरीत शिरू लागले. येथे मध्यस्थ म्हणजे खुद्द कचेरीच, त्यामुळे संशयाला जागा थोडी. फक्त त्या बोगद्यातून खासगी व्यवहार करू नयेत. मालकाच्या वाड्यातून गेले की मालकाला दिसणारच.

पण बोगद्यालाही दार असते. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागाला इंधन पुरविणारी 'कलोनियल पाइपलाइन' काही दिवस बंद पडली. खंडणीखोर आत शिरले ते वापरात नसलेल्या एका व्ही.पी.एन. खात्यातून, परवलीचा शब्द फुटलेला आणि दुसऱ्या पडताळणीची सोयच नव्हती. पेट्रोलसाठी रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली.

आता बाजारात मिळणाऱ्या, विशेषतः फुकट मिळणाऱ्या, व्ही.पी.एन.कडे वळू. २०१३ मध्ये फेसबुकने 'ओनावो' ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे 'ओनावो प्रोटेक्ट' हे व्ही.पी.एन. आपली माहिती सुरक्षित ठेवण्याचे आश्वासन देई. प्रत्यक्षात लोक कोणती अॅप किती वेळ वापरतात, याची नोंद त्याच बोगद्यातून फेसबुककडे जात होती. व्हॉट्सअॅपचा वापर किती वेगाने वाढतो आहे, हे फेसबुकला त्यातून दिसत होते, ही गोष्ट ब्रिटिश संसदेच्या समितीने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांतून उघड झाली. व्हॉट्सअॅपची खरेदी तर २०१४ मध्येच होऊन गेली होती! २०१९ मध्ये ओनावो बंद झाले आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मेटाच्या दोन उपकंपन्यांना दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. रक्षक म्हणून ठेवलेला इसम घरातील भांडी मोजीत बसावा, तसा हा प्रकार.

मग सरकारने मध्यस्थावर नजर ठेवावी काय? २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने आदेश काढला, की व्ही.पी.एन. पुरविणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, वापरण्याचा हेतू ही माहिती ग्राहकाने सेवा सोडल्यावरही पाच वर्षे जपावी. कचेऱ्यांची अंतर्गत व्ही.पी.एन. यातून वगळली. एक्सप्रेस-व्हीपीएन, नॉर्ड-व्हीपीएन आदी कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे हलविली. गुन्हेगाराचा माग लागला पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. पण नोंद ठेवावयाची नाही याच अटीवर जी वस्तू विकली जाते, तिच्या विक्रेत्यास वही ठेवण्याचा हुकूम म्हणजे ती वस्तूच बदलणे होय. काश्मिरात २०२० च्या आरंभी ठरावीक संकेतस्थळेच खुली असताना लोक याच बोगद्यांनी समाजमाध्यमांपर्यंत पोचत होते, आणि त्यावरून पोलिसांनी गुन्हे नोंदविले. जेथे वाटा बंद असतात तेथील माणसाला या साधनाची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळते.

व्याख्यानापूर्वी काही सभासदांनी चिठ्ठ्या दिल्या होत्या. व्ही.पी.एन. वापरणे बेकायदा आहे काय? देशभर लागू अशी बंदी नाही. मात्र काही जिल्ह्यांत, विशेषतः जम्मू-काश्मिरात, वेळोवेळी तसे स्थानिक आदेश निघाले आहेत, तेव्हा प्रवासात चौकशी करावी. वेग मंदावतो काय? मंदावतो, कुलूप लावणे-काढणे आणि दूरच्या ठाण्यावरून वळसा, दोन्हींना वेळ लागतोच. त्याने फसवणूक टळते काय? दूरध्वनीवर गोड बोलणाऱ्याला आपणच ओटीपी सांगितला, तर तो कितीही पक्क्या बोगद्यातून गेला तरी चोराच्याच घरी पोचणार.

शेवटची चिठ्ठी निवृत्तिवेतनाचा व्यवहार मोबाइलवर करणाऱ्या एका भगिनीची आहे. त्यांनी बँकेचे अधिकृत अॅप, घरची जोडणी आणि स्वतःचा परवलीचा शब्द एवढ्यावर भागवावे. वेगळे व्ही.पी.एन. त्यासाठी लागत नाही. उलट व्यवहार परदेशातून आल्यासारखा दिसला, तर बँकच तो संशयाने अडविण्याचा संभव आहे.