सावलीत लागलेलं ऊन



मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे मी कॉम्प्युटरवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी उसाबद्दल बोलणार आहे.

आमचे अण्णा ऑक्टोबरच्या उकाड्यात उसाचं पाचट काढताना चक्कर येऊन पडले. अंग तापलेलं, सदरा पिळून काढावा इतका ओला. डॉक्टर म्हणाले, उष्णतेचा त्रास. अण्णांना ते पटेना. "मी उन्हात नव्हतोच, उसाच्या सावलीत होतो!"

उत्तर आपल्याच विज्ञानाच्या पुस्तकात होतं. बाष्पनाचा अप्रकट उष्मा, 540 कॅलरी. आपण पाठ केला, मार्क मिळवले, विसरलो. तो आकडा उकळत्या पाण्याचा. कातडीवरच्या घामासाठी तो साधारण 580 धरा. म्हणजे एक लिटर घाम वाळला, तर तो 60 किलोच्या माणसाचं अंग दहा अंशांहून जास्त तापवेल इतकी उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं तेही असंच.

पण घाम वाळला पाहिजे. नुसता ठिबकला तर शरीरातलं पाणी जातं, उष्णता तिथेच राहते. उसाची पानं दिवसभर हवेत बाष्प सोडतात, आणि दाट सरीत वारा शिरत नाही. दमट, थांबलेल्या हवेत घाम वाळणार कसा?

बांधावरच्या बाभळीचं पाहा. तिची पानं इतकी बारीक, की जराशा वाऱ्यानेही त्यांची उष्णता हवेत जाते, पाणी फार खर्चावं लागत नाही. म्हशीची कातडी काळी, घामग्रंथी गाईपेक्षा कमी, म्हणून ती ओढ्यात बसते. बाहेर आल्यावर अंगावरचं पाणी आणि चिखल वाळतो, तोच तिचा घाम. आपण तिला आळशी म्हणतो!

मी दोन थर्मामीटर आणले, एकाला ओली चिंधी गुंडाळली. बांधावर दोघांत चांगला फरक पडला, उसात फारच थोडा. चिंधीसुद्धा तिथे वाळत नव्हती. अण्णांनी स्वतः चष्मा लावून आकडे वाचले, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

आता ते थर्मामीटर पडवीत टांगलेत. पाचटाच्या दिवसांत पुण्याला मला फोन येतो, "आज चिंधीचा आकडा चढलाय गं, दहालाच घरी आलो."