आकड्यांची साक्ष



क्रिकेटच्या गप्पा रंगात आल्या की कोणीतरी विचारतोच, ‘यांत श्रेष्ठ कोण?’ लागलीच सरासऱ्यांची तुलना सुरू होते आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या गळ्यात माळ पडते. हा न्याय झटपट होतो खरा. पण तो नेहमीच खरा असतो काय? आज त्याचाच थोडा विचार करू.

सरासरी काढण्याची रीत सोपी आहे. एकूण धावांना फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागावयाचे. डॉन ब्रॅडमन यांनी ५२ कसोटी सामन्यांत ६९९६ धावा केल्या आणि ते ७० वेळा बाद झाले. म्हणून त्यांची सरासरी ९९.९४. १९४८ साली ओव्हलच्या मैदानावर अखेरच्या डावात त्यांना चार धावा मिळत्या, तर ती पूर्ण शंभर होती. परंतु हॉलिस यांच्या दुसऱ्याच चेंडूने त्यांचा त्रिफळा उडाला! हा आकडा इतरांपासून इतका दूर आहे, की त्यापुढे वाद संभवत नाही. वाद आहे तो उरलेल्यांचा.

आता विजय हजारे यांचे उदाहरण घ्या. सांगलीला जन्मलेला आणि बडोद्याचा म्हणून ओळखला गेलेला हा फलंदाज. ३० कसोटी सामने, २१९२ धावा, सरासरी ४७.६५. पुढील काळातील कितीतरी फलंदाजांनी याच्या अनेकपट धावा केल्या. तेव्हा एकूण धावांच्या यादीत त्यांचे नाव बरेच खाली सापडते. पण यादी एक गोष्ट सांगत नाही. १९३६ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या जूनपर्यंत भारत एकही कसोटी सामना खेळला नाही. हजारे पहिल्या कसोटीला उतरले तेव्हा त्यांचे वय एकतीस होते. ऐन उमेदीची दहा वर्षे त्या यादीबाहेर गेली. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. कसोटीच्या वहीत त्यांची नोंद कोठून येणार?

१९४८ च्या जानेवारीतील अ‍ॅडलेडचा सामनाही पाहा. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. हजारे यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्यात १४५ धावा काढल्या. त्या दुसऱ्या डावात लिंडवॉल यांनी ३८ धावांत सात गडी बाद केले आणि भारताचे सहा फलंदाज शून्यावर परतले. संघाच्या २७७ धावांत निम्म्याहून अधिक हजाऱ्यांच्या! भारत डावाने हरला. सरासरीच्या हिशेबात मात्र त्या १४५ धावांना सपाट खेळपट्टीवर दुबळ्या गोलंदाजीविरुद्ध काढलेल्या १४५ धावांइतकेच मोल.

गोलंदाजांचेही तेच. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी ४१ कसोटींत ८८ गडी बाद केले. १९६४ च्या जानेवारीत मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात त्यांनी ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव, दिलेल्या धावा अवघ्या पाच आणि गडी एकही नाही. लागोपाठ १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. गडी मोजणाऱ्याच्या लेखी ही कामगिरी शून्यच! मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समोरचे फलंदाज धावा काढण्यापेक्षा टिकून राहण्याच्या विचारात होते. म्हणजे आकडा जसा गुण झाकतो, तसाच तो कधी गुण फुगवितोही.

ही उणीव ओळखूनच १९८७ साली इंग्लंडचे माजी कर्णधार टेड डेक्स्टर यांच्या पुढाकाराने गुणांकनाची नवी पद्धत सुरू झाली. प्रतिस्पर्धी किती बलवान, सामन्यात धावा किती निघाल्या, कामगिरी ताजी की जुनी, हे सारे तोलून शून्य ते हजार यांमध्ये गुण द्यावयाचे. जुन्या खेळाडूंचाही हिशेब मागाहून मांडला गेला. त्यात ब्रॅडमन यांचे ९६१ गुण फलंदाजांत सर्वोच्च ठरले, तर गोलंदाजांत २७ कसोटींत १८९ बळी घेणाऱ्या सिडनी बार्न्स यांचे ९३२. ही पद्धत सरासरीहून शहाणी खरीच. तरीही न खेळलेल्या सामन्यांचे गुण तीही देऊ शकत नाही.

म्हणून माझे तरुण मित्रांना सांगणे एवढेच, की आकडे जरूर पाठ करा; ते खोटे बोलत नाहीत. पण ते साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. चांगला वकील साक्षीदाराला उलट प्रश्न विचारतो, तसे आपणही विचारावे: या धावा केव्हा झाल्या? कोणापुढे झाल्या? आणि त्या वेळी दुसऱ्या टोकाला कोण उभे होते? एवढे विचारल्यावर ४७.६५ या कोरड्या आकड्यामागे अ‍ॅडलेडच्या मैदानावर एका टोकाला पाय रोवून उभा असलेला माणूस दिसू लागेल.