नदीकाठच्या आभासी नगरातले तीन रोग



नदीकाठचे एक नगर आहे. काळ एकोणिसाव्या शतकातला, देश अमेरिका. नगरात माणसे आजारी पडू लागली आहेत. कोणाला खोकला, कोणाला थंडीताप, कोणाचे पोट बिघडलेले. नगराध्यक्ष चिंतेत आहेत. अशा वेळी आजच्या काळातील बारा-तेरा वर्षांची मुले तेथे पोहोचतात आणि चौकशी आरंभतात.

हे नगर अर्थातच संगणकाच्या पडद्यावरचे. त्याचे नाव ‘रिव्हर सिटी’. हार्वर्ड विद्यापीठातील शिक्षणतज्ज्ञ ख्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभारले, आणि २००० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अनेक शाळांनी विज्ञानाच्या तासाला ते वापरले. मुले लहान गटांनी नगरात फिरत, रुग्णालयातील नोंदी वाचत, रहिवाशांना प्रश्न विचारत, पाण्यातील जिवाणू आणि दलदलीतील डास मोजत. ऋतू बदलला की पुन्हा येत. मेख अशी की रोग एक नव्हता, तीन होते: एक पाण्यातून, एक हवेतून, एक डासांतून पसरणारा, आणि त्यांची लक्षणे परस्परांत मिसळलेली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर उत्तर नव्हते. मुलांनी अनुमान बांधायचे, एक घटक बदलून ते पडताळायचे आणि शेवटी नगराध्यक्षांना पत्र लिहून आपला निष्कर्ष कळवायचा.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक विद्यार्थी कोठे गेला, त्याने काय तपासले, याची नोंद संगणक ठेवत असे. डायान केटेलहट या संशोधिकेने सातवीच्या विद्यार्थ्यांच्या अशा नोंदी अभ्यासल्या आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘विज्ञान आपल्याला जमणार नाही’ असे मानणारी मुले प्रारंभी इतरांपेक्षा कमी माहिती गोळा करत होती. नगराच्या अखेरच्या फेऱ्यांपर्यंत तो फरक उरला नव्हता. वर्गात शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारा मुलगा प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा असतो. चुकलो तर सारे हसतील, या भयाने तो हात वर करत नाही. आभासी नगरात चुकले तर हसणारे कोणी नसते; तेथे पुन्हा मोजता येते.

परंतु यंत्र आणले की विद्या आपोआप येते, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्याकडे प्रयोगशाळेच्या कपाटाला वर्षभर कुलूप लावणाऱ्या शाळाही संगणक कक्षाचे उद्घाटन मोठ्या थाटात करतात! ‘रिव्हर सिटी’तही शिक्षकाला सुट्टी नव्हती. मुलांनी आणलेल्या परस्परविरोधी पुराव्यांवर वर्गात चर्चा घडवून आणण्याचे काम त्याचेच होते, आणि ते पाठ देण्याहून अवघड आहे.

हार्वर्डमध्येच पुढे ‘इकोम्यूव्ह’ नावाचे आभासी तळे तयार झाले. तेथे एके दिवशी मोठे मासे मरून पडलेले दिसतात. कोणीतरी विष कालवले असावे, असेच मुलांना प्रथम वाटते. मग ती तारखेनुसार मागे-पुढे जाऊन पाणी तपासतात. गटातला एक पाण्याचे रसायन पाहतो, दुसरा सूक्ष्म जीव, तिसरा काठावरील माणसांकडे विचारपूस करतो. हळूहळू उलगडते ते असे: चढावरील नव्या वसाहतीतले खत पावसाने वाहून आले, शेवाळ माजले, ते कुजताना जिवाणूंनी पाण्यातील प्राणवायू संपवला आणि वारा पडलेल्या एका उष्ण, ढगाळ रात्री मासे गुदमरले. विष कोणीच कालवले नव्हते. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी वाढलेल्या मुलाला हिरवे पाणी नवे नाही. ते हिरवे का होते, हे मात्र त्याला क्वचितच कोणी विचारायला लावले असेल.

त्या संशोधकांनी पुढच्या टप्प्यात मुलांच्या हाती मोबाईल आणि पाणी मोजण्याची उपकरणे दिली आणि त्यांना खऱ्या तळ्यावर नेले. तेथे चिखल होता, ऊन होते, आणि मागची तारीख दाखवणारी कळ नव्हती.