वैनगंगेच्या खोऱ्यांतील राखणदार

नागपुरांतून वाहणाऱ्या नाग नदीकडे आपण आतां नदी म्हणून फारसें पाहत नाहीं. तिच्या पुलावरून जातांना नाकास रुमाल लावावा, एवढाच काय तो तिचा आपला संबंध उरला आहे. परंतु तिचा मार्ग अद्याप पूर्वीचाच आहे. ती पूर्वेस जाऊन कन्हानेस मिळते, कन्हान भंडाऱ्याच्या खालीं वैनगंगेस मिळते, आणि वैनगंगा दक्षिणेस उतरत वर्धेशीं संगम पावून प्राणहिता होते व शेवटीं गोदावरींत जाते. जिल्ह्यांच्या सीमा दप्तरांत आंखल्या जातात आणि दप्तरांतच बदलतात. गडचिरोली हा जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरापासून निराळा झाला, तेव्हां तेथील एकाहि नाल्यानें आपली वाट बदलली नाहीं. पाण्याच्या हिशेबानें पाहिलें तर नागपूरकर आणि गडचिरोलीच्या रानांतील गोंड हे एकाच खोऱ्याचे रहिवासी ठरतात. त्यांत आश्चर्य मानण्याचेंहि कारण नाहीं. आपलें हें शहर अठराव्या शतकाच्या आरंभीं वसविलें तें देवगडच्या बख्त बुलंद शहा या गोंड राजानेंच.

या खोऱ्यांतील रानें, तळीं आणि त्यांवर जगणारे लोक यांविषयीं आज मी चार शब्द सांगणार आहें. वनें राखावयाचीं असतील तर तीं रानांत राहणाऱ्या लोकांपासून राखलीं पाहिजेत, अशी एक समजूत आपल्याकडे दीर्घकाळ चालत आलेली आहे. १८७८ चा वनकायदा या समजुतीवर उभा होता, आणि त्याच्या जागीं आलेला १९२७ चा कायदाहि तिच्यापासून फारसा दूर गेला नाहीं. ज्या रानांतून गांवकरी पिढ्यान् पिढ्या मोहाचीं फुलें वेंचीत, डिंक काढीत, कुंपणासाठीं वेळू तोडीत, त्या रानांत त्यांचा हक्क न राहतां सवलत तेवढी राहिली. हक्क आणि सवलत यांत अंतर एवढेंच कीं, सवलत देणारा ती केव्हांहि काढून घेऊं शकतो.

या कायद्यांतील एक गोष्ट मला नेहमीं मोठी बोलकी वाटते. वनस्पतिशास्त्र वेळूस गवत म्हणतें. गहूं, धान, ज्वारी यांच्याच तृणकुलांतला तो. परंतु १९२७ च्या कायद्यांत झाड या शब्दाची व्याख्या करितांना ताड, खुंट, झुडपें आणि वेत यांच्या पंक्तीस वेळूलाहि बसविलें गेलें. गवत कापणें निराळें आणि झाड तोडणें निराळें. त्यामुळें टोपली विणण्यासाठीं चार वेळू आणणारा बुरूड किंवा गोंड सरकारी रानांतलें झाड तोडणारा ठरे, आणि तोच वेळू कागदाच्या कारखान्यास ठेक्यानें दिला म्हणजे मालगाड्या भरभरून कायदेशीरपणें जाई. ही व्याख्या दुरुस्त होण्यास २०१७ साल उजाडावें लागलें.

आतां या व्याख्येचा फटका ज्यांस बसला, त्यांच्यापैकीं एका गांवाकडे वळूं. गडचिरोलीहून धानोऱ्यास जाणाऱ्या रस्त्यावर, कठाणी नदीच्या परिसरांत मेंढा नांवाचें एक लहानसें गोंड गांव आहे. शेजारच्या लेखा या गांवामुळें त्यास मेंढा-लेखा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्ती सुमारें पांचशें. गांवाच्या भोंवतीं जंगल मात्र अठराशें हेक्टरांचें. १९८० नंतरच्या वर्षांत गोदावरीवर इंचमपल्लीस आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणमास मोठीं धरणें बांधावयाचीं घाटत होतीं. त्यांत शेंकडों गांवें आणि उत्तम रानें बुडालीं असतीं. त्या वेळीं जंगल वांचवा, मानव वांचवा असा पुकारा करीत जो लढा झाला, त्यांत मेंढ्याचे लोकहि होते. धरणें मागें पडलीं. परंतु लढ्यांतून परतलेल्या लोकांच्या मनांत एक प्रश्न शिल्लक राहिला. बाहेरच्यापासून रान वांचविलें खरें, पण आपण स्वतः तें कसें वापरतों?

पहिली कसोटी लागली ती घोटुलावरून. घोटुल म्हणजे गोंडांच्या तरुण मुलामुलींची शाळा म्हणा, सभागृह म्हणा. मेंढ्याच्या लोकांनीं रानांतले सागाचे खांब आणून घोटुल नव्यानें बांधलें. लांकूड परवानगीवांचून आणलें म्हणून वनखात्यानें तें मोडून नेलें. तेव्हां मेंढ्यानें तें पुन्हां उभारलेंच, शिवाय आसपासच्या कित्येक गांवांनीं आपापलीं घोटुलें उभारलीं. इतक्या ठिकाणचे खांब उपटून नेणें कोणासच शक्य नव्हतें.

दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार, ही मेंढ्याची घोषणा आज पुष्कळांच्या कानांवरून गेलेली आहे. देवाजी तोफा हें त्या गांवाचें नांव बाहेर नेणारें माणूस, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून जाऊन त्या गांवाचे सोबती झालेले कार्यकर्ते. घोषणा ऐकून एखाद्यास वाटेल कीं हा नुसता बंडाचा सूर आहे. खरें पाहतां त्यांत बंडाहून शिस्तच अधिक आहे. मेंढ्याच्या ग्रामसभेंत बहुमतानें निर्णय होत नाहीं. एक मनुष्य जरी नको म्हणाला, तरी विषय पुढें ढकलला जातो, आणि त्याचें समाधान होईपर्यंत किंवा त्याच्या म्हणण्यानें इतरांचें मत बदलेपर्यंत चर्चा चालते. आपल्या शहरांतील सभांचा अनुभव असलेल्या श्रोत्यांस हें ऐकून हंसूं येईल. परंतु विचार करा. रानाचा नियम पाळावयाचा असतो तो एकट्यानें, पहाटेच्या वेळीं, जेथें कोणी पाहत नाहीं अशा ठिकाणीं. ज्याला मतांच्या मोजणींत हरविलें आहे, तो तेथें नियम कशासाठीं पाळील?

सर्वानुमतें निर्णय घेणें हें वाटतें तितकें भोळेंहि नाहीं. त्यासाठीं मेंढ्याच्या लोकांनीं अभ्यास आणि निर्णय यांची फारकत केली आहे. अभ्यासगट निराळा बसतो. त्यांत गांवचे लोक असतात, बाहेरचे जाणकार असतात, कायद्याचीं कलमें वाचलीं जातात, वेळूचा हिशेब मांडला जातो; परंतु अभ्यासगट निर्णय घेत नाहीं. निर्णय घ्यावयाचा तो ग्रामसभेनें, आणि त्या वेळीं बाहेरच्यानें बोलावयाचें नाहीं. विद्वानांस ही अट जड जात असेल, पण ती मोठी शहाणपणाची आहे.

या पद्धतीनें जे नियम झाले ते साधेच आहेत. फळझाडावर कुऱ्हाड चालवावयाची नाहीं. रानास आग लावावयाची नाहीं, आणि लागली तर सर्वांनीं धांवावयाचें. घरास लागेल तेवढेंच लांकूड, तेंहि सभेस सांगून. रानांत नवें अतिक्रमण करावयाचें नाहीं. मधाचेंच पहा. पूर्वीं मशालीनें पोळें जाळून मध काढीत. त्यांत माशा मरत व पोळें कायमचें जाई. त्याचा अभ्यास झाला, आणि माशा न मारतां, पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून घ्यावयाची रीत गांवानें स्वीकारली. दारूबंदीसारखा निर्णय सहजासहजीं झाला नाहीं. त्यामागें बायकांचा आग्रह होता, आणि तोहि सर्वांस पटवूनच पुढें गेला.

वेळूचा प्रश्न मात्र गांवाच्या हातांत नव्हता. मेंढ्याच्या रानांतील वेळू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात असे. ठेकेदाराची तोड आणि गांवाची तोड यांतील भेद ज्यानें वेळूचें बेट पाहिलें आहे त्याला समजेल. बेटांतला यंदा फुटलेला कोंब आणि गेल्या वर्षींचा वेळू राखून जुने तेवढे तोडले, म्हणजे बेट वर्षानुवर्षें फुटत राहतें. मजुरी गठ्ठ्यावर मिळत असली आणि पुढल्या वर्षीं त्याच बेटाकडे परत यावयाचें नसलें, तर हाताला येईल तें तोडलें जातें. गांवानें कारखान्याची तोड अडविली. पुष्कळ वर्षें तो वाद चालला.

मग २००६ सालीं संसदेनें वनहक्कांचा कायदा केला. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, असें त्या कायद्याच्या उपोद्घातांतच कबूल केलेलें आहे. राज्यकर्त्यांच्या लेखणींतून असे शब्द क्वचित् उतरतात. या कायद्यानें वेळूस गौण वनोपजांत घातलें, आणि ज्या गांवानें रान परंपरेनें राखलें असेल, त्यास त्याचें संरक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. २००९ सालीं मेंढा व त्याच जिल्ह्यांतील मर्दा या दोन गांवांस असा सामूहिक हक्क मिळाला. साऱ्या देशांत हीं पहिलीं गांवें. तथापि कागद हातीं आला तरी वेळू गाडींत चढेना, कारण वाहतुकीचा परवाना देणें वनखात्याच्याच हातीं होतें. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश व राज्याचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यास गेले आणि परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. त्या दिवसापासून मेंढ्याचा वेळू मेंढ्याच्या सहीनें जाऊं लागला, आणि विक्रीचे लक्षावधि रुपये ग्रामसभेच्या खात्यांत जमा झाले. पुढें २०१३ सालीं गांवानें आपल्या शेतजमिनीहि ग्रामदान म्हणून ग्रामसभेस देण्याचें ठरविलें.

येथें एक शंका निघते, आणि ती रास्त आहे. पैसा दिसूं लागला म्हणजे गांवकरीहि ठेकेदार होणार नाहींत कशावरून? या शंकेचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां मी पांचगांवकडे बोट दाखवितों. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यांतील या गांवास २०१२ सालीं सुमारें हजार हेक्टर रानाचा हक्क मिळाला. वेळूची विक्री चांगली चालली. तेंदूपत्ता हें तर आपल्या भागांत उन्हाळ्यांतलें रोख पैशाचें मोठें साधन. परंतु पत्ता जोमानें फुटावा म्हणून फांद्या छाटल्या जातात, रानांत आगी लावल्या जातात, आणि छाटलेल्या झाडास फळ धरत नाहीं. पांचगांवच्या सभेनें हिशेब मांडला आणि तेंदूपत्ता तोडणें बंद केलें. तेंदूचीं फळें माणसांनीं खावीं, पांखरांनीं खावीं, आणि आग मात्र नको. हातचे पैसे सोडण्याचा हा ठराव कोणा अधिकाऱ्याच्या हुकुमानें झाला असता, तर त्याच हंगामांत मोडला गेला असता.

रानाचें जें, तेंच तळ्यांचें. भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टींत कोहळी लोकांनीं गोंड राजांच्या काळीं हजारों तलाव व बोड्या बांधल्या. पाळ कोणीं बांधावयाची, गाळ कोणीं काढावयाचा, पाणी कोणास आधीं द्यावयाचें हें ठरलेलें असे. मालगुजारीची पद्धत जुलमी होती आणि ती १९५० च्या कायद्यानें गेली हें योग्यच झालें. परंतु तिच्याबरोबर तलावहि सरकारजमा झाले, आणि गाळ काढणारे हात निघून गेले. लोक त्यांस आतां मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारीचें तें संक्षिप्त रूप. अर्जुनी-मोरगांवच्या भागांत ढिवरांच्या बायकांनीं कांहीं तलावांतील बेशरमाचीं झुडपें मुळासकट उपटलीं आणि देशी पाणवनस्पतींचीं रोपें चिखलांत उभें राहून लावलीं, कारण त्यांच्या आधारानेंच देशी मासे अंडीं घालतात. कोणती वनस्पति कोणत्या माशास हवी, हें ज्ञान त्यांच्यापाशींच होतें; त्यांस कोणीं विचारलें नव्हतें इतकेंच. आणि या खोऱ्याच्या वरच्या अंगास बसलेल्या आपण काय केलें? नागपूरचें मैलापाणी नाग नदींतून कन्हानेंत व तेथून गोसीखुर्दच्या जलाशयांत सोडलें, जेथें ढिवरांचेच भाऊबंद जाळें टाकतात.

हीं सारीं उदाहरणें ऐकून सर्व कांहीं सुरळीत चाललें आहे, असा समज होऊं नये. गडचिरोलींत हजाराहून अधिक ग्रामसभांस वनहक्क मिळाले. सगळ्यांच मेंढ्यासारख्या जाग्या नाहींत, आणि जागृतीचाहि सर्वत्र उपयोग होतो असें नाहीं. एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडचे डोंगर माडिया लोकांस पवित्र. तेथें त्यांचा ठाकूरदेव आहे. त्या डोंगरांत लोखंडाचा धातु उत्तम प्रतीचा निघाला, आणि आज तेथें मोठी खाण चालू आहे. परिसरांतील अनेक ग्रामसभांनीं विरोध नोंदविला. रोजगार हवा असलेले लोकहि त्याच भागांत आहेत, आणि त्यांची गरज खोटी नव्हे. परंतु मेंढ्यास वेळूविषयीं जें विचारलें गेलें, तें सुरजागडास डोंगराविषयीं त्या रीतीनें विचारलें गेलें नाहीं. जानेवारी महिन्यांत भरणाऱ्या ठाकूरदेवाच्या जत्रेंत पूजेबरोबर खाणीविरुद्धचे ठरावहि होत आले आहेत.