‘दादा’च्या गोष्टीत जेवण कोण रांधतं?

(सावंतवाडी येथे महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज आपल्यापुढे एक ठराव आहे. मुलं टीव्हीला यंत्र जोडून मारामारीचे, टोळीवाल्यांचे खेळ खेळतात, त्यात बायांची विटंबना असते, तेव्हा अशा खेळांवर सरकारने बंदी घालावी, असा तो ठराव. त्यावर बोलायला मला सांगितलंय. ठरावामागची तळमळ मला मान्य आहे, ठराव मान्य नाही.

खेळ म्हणजे नुसता खेळ नसतो, हे या गावाला मी सांगायला नको. चितारआळीतली लाकडी भाजी आणि फळं कुणाच्या हातात दिली जातात, ते आपण पाहतोच. आपल्या दशावतारी गंजिफात १२० पानं. दहा अवतारांची प्रत्येकी बारा. त्यात राजा आहे, प्रधान आहे, राणी नाही. तेव्हा बाईला वगळून डाव मांडायची कला काही जपानहून आलेली नाही.

आता जपानकडे वळते, कारण ज्या खेळामुळे हा ठराव आला तो तिकडचा आहे. तिथल्या गुन्हेगारी टोळ्यांना याकुझा म्हणतात. सेगा कंपनीने डिसेंबर २००५मध्ये त्यांच्यावर एक व्हिडिओ गेम काढला. बाहेरच्या देशांत तो ‘याकुझा’ या नावानेच गाजला, अलीकडे त्याला ‘लाइक अ ड्रॅगन’ म्हणतात. त्याचे भागावर भाग अजून निघतायत. टोकियोतल्या काबुकिचो या करमणुकीच्या वस्तीवरून त्यातली वस्ती बेतलेली आहे. माझ्या भाच्याशेजारी बसून मी तो बऱ्याच संध्याकाळी पाहिला, तेव्हा ऐकीव बोलत नाही.

पहिल्या भागाची गोष्ट ऐका. अनाथाश्रमात एकत्र वाढलेले दोन मित्र आणि एक मैत्रीण, युमी. टोळीचा एक म्होरक्या युमीवर अत्याचार करू पाहतो. एक मित्र त्याला गोळी घालतो. दुसरा, म्हणजे आपला नायक किर्यू, तो खून स्वतःच्या अंगावर घेतो आणि दहा वर्षं तुरुंगात जातो. केवढा त्याग, केवढी मैत्री! आणि युमी? त्या धक्क्याने तिची स्मृती जाते. माझा हात तिथेच थांबला. जिच्यावर प्रसंग ओढवला तिलाच तो आठवत नाही. प्रसंग सगळा त्या दोघांचा होऊन बसतो, त्यांचं वैर, त्यांचं इमान. शेवटी ती गोळी लागून मरते, तिची नऊ वर्षांची मुलगी हारुका मागे उरते आणि नायक तिला सांभाळतो.

हे सांभाळणं मात्र खोटं नाही. तिसऱ्या भागात, २००९ साली, हा दांडगा माणूस ओकिनावात अनाथाश्रम चालवतो. सहाव्यात तर रडणारं तान्हं बाळ उगी करणं हा खेळाचाच एक भाग आहे. आपल्या हिंदी-मराठी पडद्यावरच्या किती ‘भाईं’नी मूल कडेवर घेतलंय? पण ते बाळ हारुकाचं, आणि तेवढा वेळ हारुका कुठे असते? गाडीखाली सापडून दवाखान्यात बेशुद्ध. पुरुषाला आईपण मिळावं म्हणून आईला आडवं करावं लागतं, असं हे गणित आहे.

मागे एका गटात हे सांगत होते, तर मागच्या रांगेतली एक आजी म्हणाली, “गो बाय, ह्या सगळ्या मारामारेत तेका जेवाण कोण रांदता?”

मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, मावशी, त्याची ताकद संपली की तो हॉटेलात जातो, जेवला की ताकद परत येते. वस्तीत हॉटेलं हवी तेवढी. रांधणारी कुठे दिसत नाही, पैसे टाकले की ताट समोर.

आजीचा प्रश्न मला थेट गिरणगावात घेऊन गेला, कारण ‘दादा’ आणि ‘भाई’ हे शब्द आपल्या जिल्ह्याला जपानहून नाही, लालबाग-परळहून माहीत झाले. हा मनीऑर्डरवर जगलेला जिल्हा. पुरुष गिरणीत, बाई इथे शेतावर. मुंबईत त्या एकट्या पुरुषांना जेवू घालत होत्या खाणावळवाल्या. एका खोलीत आपला संसार आणि त्याच खोलीत दहा-वीस जणांची दोन वेळची पंगत. बाजारातून उधार आणायचं, सावकाराचं व्याज भरायचं, पगाराच्या तारखेपर्यंत थांबायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांना सावकाराच्या हातून सोडवायला. बँकेने त्यांना कर्ज दिलं, म्हणजे तो धंदा आहे हे पहिल्यांदा कुणीतरी कागदावर मान्य केलं.

मग १८ जानेवारी १९८२चा संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पगार थांबला, खाणावळीची उधारी थकली, कितीतरी माणसं गावी परतली. चाळींतून बेकार पोरं उभी राहिली आणि त्यातली काही टोळ्यांच्या हाती लागली. हा इतिहास जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकाने १९९७मध्ये एका गिरणी कामगाराच्या घरात आणून बसवला. त्यात गुंड झालेला मुलगा आहे, पण घर ओढणारी आईही तितकीच आहे. दोन वर्षांनी ‘वास्तव’ आला. त्यातल्या आईच्या वाट्याला एकच मोठं काम येतं, स्वतःच्या हाताने मुलाला गोळी घालायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला विचाराल तर ‘अधांतर’मधली आई जास्त अवघड आहे. तिला एका गोळीत सुटका नाही.

टोळीतसुद्धा कारभार बाईने केल्याची उदाहरणं आहेत. जपानमधल्या सर्वांत मोठ्या टोळीचा, यामागुची-गुमीचा म्होरक्या काझुओ ताओका १९८१ साली वारला. नवा म्होरक्या १९८४पर्यंत ठरला नाही. मधल्या काळात टोळी सांभाळली ती त्याच्या विधवेने, फुमिकोने. गादी मात्र तिची नव्हे. हे मी कौतुकाने सांगत नाही. गुन्हेगारीत समान वाटा मागायला आपण जमलेलो नाही! पण पद एकाचं आणि राबणूक दुसरीची, ही रीत कायद्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच.

आता बंदीबद्दल. या खेळांच्या २०१५च्या भागात नायकाला एक क्लब चालवायचा असतो, काळ १९८८चा. तिथे गिऱ्हाइकांशेजारी बसून बोलणाऱ्या, पेले भरणाऱ्या मुली असतात. त्यांचे कपडे, दागिने, रंगरंगोटी खेळणारा ठरवतो, कुणाला कुठल्या टेबलावर बसवायचं तेही तोच. मुलगी दमत जाते तशी तिची शक्ती कमी होताना पडद्यावर दिसते. दमणं दिसतं खरं, पण मालकाला हिशेब लावता यावा एवढ्यापुरतंच.

हे बघून तुमच्यासारखंच माझंही रक्त तापलं. पण ज्या २००५ साली हा खेळ पहिल्यांदा बाजारात आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारने डान्स बारवर बंदी आणली. तरुण पिढी बिघडते, संसार मोडतात, हीच कारणं. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती, म्हणजे श्रीमंताचा मुलगा बिघडत नसावा. आपल्या चळवळीतही तेव्हा दोन तट पडले. काहींना तो धंदा बंदच व्हायला हवा होता, काहींना त्या बायांच्या पोटाची काळजी होती. एसएनडीटीचं स्त्री अभ्यास केंद्र आणि नारी अत्याचार विरोधी मंच यांनी पाचशे बारबालांशी बोलून पाहणी केली, तेव्हा दिसलं की त्यातल्या अनेकजणी घरात एकट्या कमावत्या होत्या. उच्च न्यायालयाने २००६मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये तो निर्णय उचलून धरला. मधल्या सात वर्षांत स्थगितीमुळे बार बंदच राहिले. पुरुषाची करमणूक दुसरीकडे सरकली. बाईचं भाडं, मुलाची फी आणि गावाकडची मनीऑर्डर मात्र थांबली.

म्हणून बंदी हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, याची किंमत कोण भरणार? आणि बंदी आली तरी भाचा तो खेळ कुठून तरी मिळवेलच. त्यापेक्षा मी शेजारी बसते. परवा तो स्वतःच म्हणाला, “मावशी, युमीलाच सगळं विसरायला का लावलंय?” उत्तर मी दिलं नाही, त्याचं तो शोधतोय.

ठरावाच्या जागी माझी सूचना अशी. संपाच्या वर्षी ज्या बाया इथे गावात होत्या, परत आलेल्या नवऱ्याला आणि बिथरलेल्या मुलाला ज्यांनी सांभाळलं, त्या आता सत्तरीच्या पुढे गेल्यात. खाणावळी चालवून परतलेल्याही काही असतील. माडखोल, कोलगाव, माजगाव, बांदा, इन्सुली इथल्या गटांनी त्यांच्याशी बोलून लिहून घ्यावं. टेप करायला घरातल्या मुलग्यांनाच न्यावं, यंत्र त्यांना चांगलं चालवता येतं. कोण कुठल्या गावी जाणार त्याची यादी चहाच्या आधी करू. माडखोल मी घेते.