फिरती चकती आणि स्थिर स्मृती

संगणकावरील खेळ हा आता केवळ मुलांचा विषय राहिलेला नाही. अशा खेळांसाठी घरात संगणक घ्यावयाचे ठरले, म्हणजे वडीलधाऱ्यांनाही त्याच्या अंतरंगाची थोडी ओळख करून घ्यावी लागते. साठवणीसाठी हार्ड डिस्क हवी की एसएसडी, हा प्रश्न तेथे हटकून निघतो. पैसे आपल्या पदरचे जावयाचे असतात; तेव्हा या दोहोंतील भेद कशात आहे, आणि कशात नाही, हे समजून घेतलेले बरे.

हार्ड डिस्कचे घराणे जुने. आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने १९५६ साली अशी पहिली यंत्रणा पुढे आणली, तेव्हा तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या साऱ्यांवर मिळून अवघी ५० लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या पेटीत त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. परंतु मूळ तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेपाची चकती फिरते आणि तिच्यावरून एक बारीक भुजा सरकत जाऊन मजकूर टिपते. ही चकती मिनिटाला बहुधा ७२०० फेरे घेते. वेग मोठा खरा, पण हिशेब केला तर एका फेऱ्यास सुमारे ८ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती जागा भुजेखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. भुजेच्या प्रवासाचा वेळ निराळाच.

एसएसडीमध्ये फिरणारे असे काही नाहीच. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीत विद्युत्भार कोंडून मजकूर जपला जातो, आणि तो सहस्रांश सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, किंबहुना त्याहूनही लवकर, हाती येतो. दप्तरखान्यात शिडी लावून रुमाल काढणे आणि टेबलावरचा कागद उचलणे, असे हे अंतर आहे.

खेळात हे अंतर फार जाणवते, कारण तेथे हजारो लहान तुकडे ठिकठिकाणांहून गोळा करावे लागतात. भुजेची धावपळ वाचावी म्हणून खेळ रचणारे एकच वस्तू चकतीवर पुनःपुन्हा लिहून ठेवीत. प्लेस्टेशन ४ वरील ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ या २०१८ च्या खेळात काही मजकुराच्या ४०० प्रती होत्या, असे सोनीचे मार्क सर्नी यांनी २०२० मध्ये सांगितले. त्याच वर्षी आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये एसएसडी बसविण्यात आली. संगणकावरही तोच प्रवाह आला : २०२३ च्या ‘स्टारफील्ड’ने एसएसडी ही किमान आवश्यकता म्हणून नोंदविली.

मात्र येथे एक भ्रम टाळावयास हवा. एसएसडीने प्रतीक्षा कमी होते. चित्र अधिक देखणे होत नाही. दृश्याची सफाई आणि सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांवर अवलंबून असते. तसेच, साध्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते आणि एनव्हीएमई जातीची कित्येक हजार. तरी अनेक खेळांत या दोहोंतील फरक थोड्या सेकंदांचाच असतो. चकती सोडून एसएसडी घेण्यात जो लाभ आहे, तो एका एसएसडीहून दुसरी महाग घेण्यात नाही.

म्हणून मध्यम प्राप्तीच्या कुटुंबाने कार्यप्रणाली व चालू खेळ यांपुरती एसएसडी घ्यावी. छायाचित्रे, चित्रफिती आणि बाजूस पडलेले खेळ यांसाठी हार्ड डिस्क अजूनही स्वस्त व पुरेशी आहे. उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळवावा. एक गोष्ट मात्र दोहोंनाही लागू आहे. बिघडण्यापूर्वी हार्ड डिस्क पुष्कळदा कुरकुरते, एसएसडी बहुधा मुकाट्यानेच थांबते. खेळ पुन्हा उतरवून घेता येतो. घरातील छायाचित्रे तशी परत मिळत नाहीत. त्यांची दुसरी प्रत अन्यत्र असलीच पाहिजे.