सिडनीच्या स्थलांतरित समाधिशिला



ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या दक्षिणेस, बॉटनी उपसागरानजीक, ‘पायोनियर मेमोरियल पार्क’ या नावाच्या उद्यानात आद्य वसाहतकऱ्यांच्या सुमारे ७५० समाधिशिला जतन करून ठेवलेल्या आहेत. या शिला मूळच्या तेथील नव्हेत. इंग्लंडने १७८८ साली जेथे आपल्या कैद्यांची वसाहत वसविली, त्या सिडनी गावाबाहेरील वाळूच्या टेकाडांवर, डेव्हनशायर रस्त्यालगत, १८२० साली जी दफनभूमी उघडण्यात आली आणि १८६७ साली जी बंद झाली, तेथून त्या उचलून आणलेल्या आहेत. आणि त्या उचलाव्या लागल्या याचे कारण एवढेच की, वाढत्या शहराच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाला नेमकी तीच जागा हवी होती.

१९०१ साली सरकारने जाहीरनामा काढला की, वारसांनी दोन महिन्यांच्या मुदतीत पुढे यावे, अवशेष कोठे न्यावयाचे ते सांगावे, खर्च सरकार सोशील. सुमारे ८,५०० मृतांना वारस भेटले. उरलेले सुमारे ३०,००० बेवारस ठरून बॉटनीकडील बनराँग येथे, म्हणजे याच उद्यानाच्या परिसरात, ट्रामगाडीने रवाना झाले. १९०६ साली स्थानक सुरू झाले. सरकारचा हा व्यवहार निर्दय होता असे मी म्हणणार नाही, कारण स्वतःच्या तिजोरीतून मृतांच्या प्रवासाचा खर्च उचलणारी सरकारे फारशी आढळत नाहीत. परंतु ज्याला शिला परवडली त्याचेच नाव प्रथम कोरले गेले, त्यांतून वारसांनी इतरत्र नेलेल्या शिला वजा झाल्या, आणि बनराँगला पोहोचलेल्या दोन हजारांहून अधिक स्मारकांपैकी पाऊणशतकाच्या हेळसांडीतून जी तगली त्यांतीलच निवडक आज उभी आहेत, हे ध्यानात न घेता या उद्यानाला त्या पिढीचे चित्र मानणे भाबडेपणाचे होईल. ज्यांची भूमी हिरावून ही वसाहत उभी राहिली त्या मूळ रहिवाशांचा तर या शिलांत मागमूसही नसणार.

शिला परवडलेल्यांपैकी सिमियन लॉर्डचेच पाहा. मँचेस्टरकडे कापड चोरल्याबद्दल सात वर्षांची हद्दपारी भोगावयास आलेला हा तरुण पुढे धनाढ्य व्यापारी झाला, चक्क दंडाधिकाऱ्याच्या आसनावर बसला आणि बॉटनीलाच त्याने कापडाची गिरणी काढली! १८४० साली तो वारला. पुरला गेला डेव्हनशायर रस्त्याला, आणि सरकारी हुकुमाने परतला आपल्या गिरणीच्या मुलुखात. असे कैदी-सावकार त्या पिढीत अनेक होते. जेम्स स्क्वायर हा बिअर बनवून सधन झालेला दुसरा.

या शिला ज्याच्या घडविल्या तो सिडनीचा वालुकाश्म मृदू. त्याचे पापुद्रे सुटतात, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात अक्षरे झिजतात. म्हणूनच, दफनभूमी उखडली जाण्याच्या सुमारास आर्थर आणि जोसेफीन फॉस्टर या दांपत्याने कॅमेरा घेऊन तेथील शिलांची जी छायाचित्रे टिपली आणि लेख उतरवून घेतले, ते काम मला सरकारच्या साऱ्या वाहतुकीपेक्षा मोलाचे वाटते. उद्यानात जाणाऱ्याने ती छायाचित्रे आधी पाहावीत आणि मग शिलांपुढे उभे राहावे; पुष्कळ ठिकाणी वाचण्याजोगे नाव त्याला त्या छायाचित्रांतच सापडेल.